फ्रीज हैदराबादला बोलत असे

माझ्या दुकानात लोक यंत्र घेऊन येतात आणि तक्रार माणसाची सांगतात. "कंप्युटर लई हळू चालायलाय" असे म्हणणाऱ्याला बाकावर बसू दिले, चहा दिला, की हळूहळू कळते की हळू चालणारा त्याचा जावई आहे. बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरला बसस्टँडसमोर, जिथे खेड्यांकडे जाणाऱ्या जीपा माणसे भरत उभ्या असतात, तिथे माझे संगणकदुरुस्तीचे आणि वाय-फाय जोडणीचे दुकान आहे. व्यवसायातले काही लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाही म्हटले. या कामात मी जे चांगले केले ते सांगण्याजोगे नाही. आणि जे सांगण्याजोगे आहे ते चांगले होते की नाही, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. तरीही लिहायला बसलो आहे, कारण घडले ते इतके विचित्र होते की ते एकट्याने सांभाळणे जड जाते.

आधी थोडे तांत्रिक सांगावे लागेल. वाय-फायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात एक कार्ड असते आणि त्या कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. आकडे आणि इंग्रजी अक्षरे यांची ती एक माळ असते. गाडीच्या चासीवर कोरलेला नंबर असतो, तसाच हा समजा. फरक एवढाच, की चासीचा नंबर पोलीस वाकून वाचू शकतो; हा नंबर मात्र कोणी वाचत नाही, यंत्र तो स्वतःच्या तोंडाने सांगते. लग्नाच्या मांडवात दारात उभा असलेला माणूस "कुणाकडचे?" असे विचारतो, आपण "नवरीच्या मामाकडचे" म्हणतो आणि तो "या, या" म्हणतो. मामाला जाऊन कोणी विचारत नाही. वाय-फायचा डबाही, म्हणजे राउटरही, असाच भोळा आहे. त्यामुळे यंत्राला शिकवले, तर ते दुसऱ्याचा क्रमांक सांगून आत जाऊ शकते.

हे लोक कशासाठी करतात, तर आपला माग राहू नये म्हणून. लॉजमध्ये, स्टेशनावर, मोठ्या दुकानात तिथला डबा आपल्या यंत्राला ओळखून ठेवतो. आपण केव्हा आलो, किती वेळ थांबलो, पुन्हा आलो का, हे त्याला कळते. नवे फोन आता ही खबरदारी स्वतःच घेतात आणि बाहेर पडताना आपणहून वेगळा क्रमांक सांगतात. लॅपटॉपला ते सांगावे लागते, आणि सांगणारा माणूस आमच्या भागात मी आहे. चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखला जातो त्या गावात या विद्येला गिऱ्हाईक कोण मिळणार, असे मला वाटत असे. पहिले गिऱ्हाईक मिळाले ते एक अडत व्यापारी. त्यांना माग पुसायचा नव्हता. लॅपटॉपच्या क्रमांकातील आकड्यांची बेरीज शुभ यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यात अक्षरेही असतात, असे मी सांगितल्यावर त्यांनी तिथूनच ज्योतिष्यांना फोन लावला. ज्योतिषी म्हणाले, "अक्षरं सोडून द्या, ती इंग्रजांची हायत." मी बेरीज जुळवून दिली. धंदा बरा चालला, असे ते सांगतात.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे सुभद्राक्का.

सुभद्राक्का जुन्या बाजारगल्लीत राहतात. पती गेल्यावर भुसाराचे दुकान त्यांनीच चालवले आणि आता ते बंद करून घरी असतात. एकुलता मुलगा राजकुमार पुण्याला मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर आहे, लग्न व्हायचे आहे. मध्यंतरी अक्का तापाने आजारी पडल्या, फोनची बॅटरी उतरलेली, आणि पुण्याला काहीच कळेना. तेव्हापासून त्या मुलाच्या जिवाला घोर लागला. त्याने आईच्या घरी फायबरची लाइन घेतली, वाय-फायला जोडणारा फ्रीज आणला, टीव्ही आणला, परसातल्या बोअरच्या मोटारीला फोनवरून चालणारे बटण बसवले, आईला टॅबलेट दिला. ही सगळी जोडणी माझ्याच हातची. राजकुमारच्या फोनमध्ये एक ॲप होते. त्यात घरातील प्रत्येक यंत्राचे नाव त्याने लिहून ठेवले होते: आईचा टॅबलेट, फ्रीज, टीव्ही, परसातली मोटार. कोण जागे आहे, कोण किती इंटरनेट वापरते, काय बघते, हे त्याला पुण्यात बसून दिसे. अक्कांचा टॅबलेट सकाळी चालू झाला, की आई उठली असे समजून तो कामाला लागत असे. यात मला तेव्हा काही गैर वाटले नाही. आजही तो मुलगा वाईट होता असे मी म्हणणार नाही.

अडचण ओट्यावर झाली. त्या गल्लीत मोबाईलवर बोलण्यापुरती रेंज येते, नेट चालत नाही; भिंती जाड, घरे एकमेकांना खेटून. त्यामुळे दुपारची जेवणे झाली, की शेजारच्या बायका तूर निवडायला म्हणून अक्कांच्या ओट्यावर येत आणि अक्कांच्या वाय-फायवर आपले फोन जोडत. रत्नमालाची मुलगी हैदराबादला दिलेली. ती तिच्याशी तोंड बघून बोलत असे. महानंदा मुलासाठी लग्नाची स्थळे बघत असे. पलीकडच्या आळीतल्या सुजाताबाई अंगणवाडी सेविका. त्यांना खात्याचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ बघावे लागत. प्रत्येक फोन जोडला गेला की पुण्यात राजकुमारचा फोन वाजे, आणि लगेच ओट्यावर अक्कांचा.

"आई, घरात नवीन फोन आलाय. कोण हाय?"

"रत्नमाला हाय रे."

"काल बी नवीन आलता."

"काल बी रत्नमालाच होती."

"मग आज परत नवीन कसा दाखवायलाय?"

तो नवीन दाखवत असे, कारण रत्नमालाचा फोन मघाशी सांगितलेल्या शहाण्या फोनांपैकी होता. तो वरचेवर वेगळे तोंड घेऊन येई. पुण्याला वाटे, आईच्या घरात रोज नवा माणूस शिरतो. हे मला कोणी विचारले असते तर मी सांगितले असते. पण मला कोणी विचारले नाही, आणि आपणहून सांगायला मी गेलो नाही.

शेवटी राजकुमारने ॲपमधून कुलूप घातले. नोंदवलेली यंत्रे सोडून दुसरे कोणीही जोडले जाऊ नये, अशी सोय त्यात असते. रत्नमालाचा कॉल मुलीच्या तोंडासमोरच तुटला. "मी काय चोर हाय व्हय, रोज पुण्याला हजेरी द्यायला?" असे म्हणून ती उठली. मग महानंदा येईनाशी झाली, मग सुजाताबाई. अक्कांच्या ओट्यावर तुरीचे सूप तेवढे राहिले.

तेव्हा अक्का स्वतः दुकानात आल्या. त्या कधी येत नाहीत, माणूस पाठवतात. बाकावर बसल्या, पदर सारखा केला आणि दुकानातली गिऱ्हाइके जाईपर्यंत बोलल्या नाहीत.

"महादप्पा, राजूला कळू न देता त्या बायकांला आत घेता येतंय का, तेवढं सांग."

"अक्का, राजूलाच सांगा की. तो लगेच परवानगी देईल."

"देईल. मला म्हाईत हाय देईल. तेच नको हाय मला. माझ्या ओट्यावर कोण बसावं, हे मी पोराला विचारू व्हय?"

जोडणी मुलाच्या नावावर होती, घर आईच्या नावावर. आणि मी दोघांचाही माणूस होतो. अशा वेळी शहाणा माणूस विचाराला एक दिवस मागून घेतो. मी मात्र तिथेच उपाय सांगितला, कारण तो मला सुचला होता. सुचलेला उपाय गिळून टाकता येत नाही, हा आमच्या व्यवसायातला जुना रोग आहे.

उपाय असा होता. राजकुमारच्या कुलपाला फक्त घरातली यंत्रे चालत होती. तर बायकांनी घरातली यंत्रे व्हावे. फोनमध्ये मनाजोगता क्रमांक घालता येत नाही, लॅपटॉपमध्ये येतो. तिघींच्याही घरी मुलांना कॉलेजात असताना मिळालेले जुने लॅपटॉप पडून होते, एकीचा तर पापडाच्या पिठाच्या डब्यावर झाकणासारखा. ते मी दुरुस्त केले, ज्यांची मूळ कार्डे ऐकेनात त्यांना बाहेरून बोटाएवढी कार्डे लावली, आणि एका दुपारी ओट्यावर बसून क्रमांक वाटायला घेतले. एक पथ्य मात्र नीट समजावले. एकाच क्रमांकाची दोन यंत्रे एकाच वेळी आली, तर डबा गोंधळतो आणि एकदा याला, एकदा त्याला बाहेर काढतो. म्हणून रत्नमाला फ्रीज होऊन बसायच्या आधी खऱ्या फ्रीजचे वाय-फाय बंद करायचे. फ्रीज थंडावा देत राहील, फक्त बोलणार नाही.

"रत्नमाला, तुम्ही फ्रीज. महानंदाबाई टीव्ही. सुजाताबाई, तुम्हाला परसातली मोटार देतो."

सुजाताबाई हसल्या. "मला कामून परसातली, अण्णा? घरातलं काई उरलंच न्हाई का?"

त्या हसून बोलल्या. पण ओट्यावर कोणाची तूर हलेना. घरातले दोन क्रमांक मी आधी दोघींना दिले होते आणि मागल्या दाराचा क्रमांक सुजाताबाईंना. त्यांची आळी बौद्धांची. मी मुद्दाम केले नाही, असे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे. मुद्दाम न करताही हात तिकडेच गेला, हे त्याहून वाईट आहे, असे दर वेळी शेवटी लक्षात येते.

अक्कांनी वर न बघता सांगितले, "सुजाताला माझा टॅबलेट दे. मी मोटार होते."

"अक्का, तुम्ही कशाला मोटार—"

"माझी मोटार, माझं परस. तुला काय अडचण हाय?"

त्याप्रमाणे झाले. अक्कांच्या टॅबलेटमधले वाय-फाय बंद झाले, सुजाताबाई राजकुमारच्या ॲपमध्ये त्याची आई झाल्या, आणि अक्का आपल्या भाच्याचा एक जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन मोटार म्हणून कीर्तन ऐकू लागल्या.

त्यानंतरचे काही आठवडे मी त्या गल्लीतून गेलो की कानावर पडे ते असे:

"फ्रीज आला न्हाई अजून?"

"फ्रीजच्या घरी पाव्हणे आलेत. टीव्ही येऊन बसलाय कवाचा."

"मोटारीला जरा पानी द्या गं, ठसका लागलाय तिला."

महानंदाचा आणि रत्नमालाचा एकदा वादही झाला. फ्रीज महागाचा आहे, तो आपल्याला मिळावा, असे महानंदाचे म्हणणे. तिला मी समजावले की मान सगळ्या क्रमांकांना सारखाच असतो. "मग तुमचा कायचा नंबर हाय, अण्णा?" असे तिने विचारले. मी बाहेरचा माणूस, मला नंबर नाही, असे सांगितल्यावर तिला माझी दया आली आणि तिने मूठभर भाजलेले शेंगदाणे दिले.

पुण्यात मात्र त्या मुलाची झोप उडाली होती. ॲपमध्ये त्याला जे दिसत होते, ते त्याने शिकलेल्या कोणत्याही शास्त्रात बसत नव्हते. फ्रीज रोज दुपारी हैदराबादला व्हिडिओ पाठवतो. बोअरची मोटार कीर्तन ऐकते. आई पोषण आहाराचे व्हिडिओ बघते आणि टीव्ही लग्नाच्या संकेतस्थळावर मुली बघतो. त्याचे फोन येत, आणि अक्का मला ते संभाषण नंतर शब्दशः ऐकवत.

"आई, तू बाळंतिणीच्या खाण्याचे व्हिडिओ कामून बघायलीस?"

"ज्ञान हाय रे. बघितलं तर काय बिघडतंय?"

"आणि टीव्हीवरनं स्थळं बघू नकोस म्हणलं होतं की न्हाई तुला? मला आत्ताच लग्न करायचं न्हाई."

"मी टीव्हीला हात बी लावला न्हाई, राजू. तुझी शपथ."

यातली शपथ खरी होती.

शेवटी त्याला वाटले, बाहेरच्या कोणी फ्रीजमध्ये शिरकाव केला आहे. त्याने बिदरहून मेकॅनिक पाठवला. खाजाभाई म्हणून वयस्क, शांत गृहस्थ होते. त्यांनी फ्रीज उघडला, मागून पाहिला, हात लावला.

"अम्मा, फ्रीज तो एकदम अच्छा है. थंडा कररा. और क्या होना तुमकू?"

"पुण्याला म्हणतेत की लई बोलायलाय."

"कौन? फ्रीज?" खाजाभाईंनी दाराला कान लावला. थोडा वेळ तसेच थांबले. ते प्रामाणिक कारागीर होते, तक्रार न तपासता फेटाळणारे नव्हते. मग म्हणाले, "हमकू तो कुछ नै बोला. घरवालों से बोलता होंगा." आणि चहा घेऊन ते गेले.

त्यानंतर राजकुमारने मला फोन केला. "अण्णा, तुम्हीच बसवलंय सगळं. तुम्ही जाऊन बघा. व्हिडिओ कॉलवर मला दाखवा."

चोराला चोरीच्या तपासावर नेमल्याची गोष्ट लहानपणी ऐकली होती. तिच्यातल्या चोराला घाम किती येत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. राजकुमारने माझा फोन तेवढ्यापुरता कुलपातून आत घेतला, आणि मी अक्कांच्या स्वयंपाकघरात फ्रीजसमोर उभा राहिलो. पलीकडे ओट्यावर तिघी आपापले लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

"उघडा अण्णा. काय दिसतंय?"

"दही दिसतंय. कोथिंबीर हाय. लिंबं."

"अहो, नेटवर्कचं विचारायलोय मी."

"नेटवर्क आत्ता बंद हाय, राजकुमार." हे खरे होते, ओट्यावर रत्नमाला असल्यामुळे फ्रीजचे बंदच होते.

"बंद कसं? मला इथं चालू दिसतंय! आत्ता, ह्या मिनिटाला हैदराबादला बोलायलाय तो!"

मी दाराकडे पाहिले. रत्नमालाने लॅपटॉप पटकन मिटला.

"थांबला," राजकुमार म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "अण्णा, तुम्ही त्याच्याकडं बघितलं आणि तो थांबला."

त्या शिकलेल्या मुलाच्या तोंडावर मला जी भीती दिसली, ती पाहून मी त्याच क्षणी सगळे सांगायला हवे होते. पण माझ्यासमोर दाराच्या चौकटीत अक्का उभ्या होत्या. मी दह्याचे भांडे सरळ केले आणि दार लावले.

दोनच दिवसांनी त्याचा पुन्हा फोन. "अण्णा, मी उदगीरला पोचलोय. दुपारी घरी येतो, फ्रीजमध्ये शिरलेल्यांची ती वेळ असते. तुम्ही बी या. आणि आईला सांगू नका, ती घाबरंल."

आईची गोष्ट मुलाला सांगितली नव्हती. आता मुलाची आईला सांगितली तर एकाचा विश्वास मोडला, आणि न सांगितली तर दुसरीचा. मी दोघांशीही प्रामाणिक राहायचे ठरवले, म्हणजे अवजारांची पेटी घेऊन ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलो आणि कोणालाच काही सांगितले नाही. महानंदाने विचारले, "अण्णा, तब्येत बरी न्हाई का?" मी म्हटले, उन्हामुळे.

राजकुमार परसदाराने आला. पाठीवरची बॅगही न काढता तो थेट फ्रीजपाशी गेला, त्याचे वाय-फाय बंद दिसले आणि त्याने ते चालू केले. ओट्यावर रत्नमाला आपल्या मुलीला आंबाड्याची भाजी कशी करायची ते सांगत होती.

"दाण्याचा कूट मग घालायचा, आधी... थांब गं, तू अडकायलीस. आली का? गेली. अक्का! फ्रीज कुणी चालू केला ओ? मी आत की तो आत, एक काय ते ठरवा!"

राजकुमार दारात येऊन उभा राहिला. हातात फोन, आणि फोनमध्ये एकच फ्रीज आत-बाहेर करत होता. त्याने सगळ्यांकडे पाहिले. तो हुशार आहे. त्याला फार वेळ लागला नाही.

"काकू," तो रत्नमालाला म्हणाला, "फ्रीज तुम्ही हाव?"

"हाव," रत्नमाला म्हणाली. "बंद कर की तो आतला. पोरगी ताटकळली तिकडं."

"आणि टीव्ही?"

महानंदाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "बरं झालं आलास राजू. हे स्थळ बघ बरं कसं वाटतंय. तुला न्हाई, आमच्या पोराला. पगार खरा लिवलाय का, ते तुला कळंल."

सुजाताबाई उठून उभ्या राहिल्या. "मी तुझी आई हाय बाळा. म्हंजे टॅबलेट."

"आणि आई?"

"मी मोटार," अक्का म्हणाल्या.

मग तो माझ्याकडे वळला. "अण्णा, तुम्ही?"

"मी केलं," मी म्हटले. "मी सांगणार होतो तुला."

"कधी?"

मी अवजारांची पेटी उगाच उघडून बघितली.

तो पायरीवर बसला. चिडेल असे वाटले होते, पण त्याचे डोळे भरून आले. "मला वाटलं, कुणीतरी घरात शिरलंय. तुझ्यावर पाळत ठेवायलंय. मला झोप न्हाई आई, जेवण गोड लागंना."

"पाळत?" अक्का म्हणाल्या. "पाळत तर..." आणि थांबल्या. सूप बाजूला ठेवून त्या त्याच्याजवळ येऊन बसल्या. "मी कशी हाय हे म्हाईत करून घ्यायचं असंल, तर मला फोन करावा. आई कशी हाईस म्हून विचारावं. फ्रीजला कामून विचारतोस?"

त्याने पाठीवरची बॅग उतरवून पायरीवर ठेवली. रत्नमाला आत जाऊन फ्रीजचे वाय-फाय बंद करून आली आणि भाजीची कृती पुढे सुरू झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती बोधकथा म्हणून लिहिली असती. पण राजकुमार मनाने मोठा आहे, आणि मोठ्या मनाची माणसे अर्ध्यावर थांबत नाहीत. त्याने कुलूप काढले. ॲप स्वतःच्या फोनमधून काढले. एवढे करून त्याचे समाधान होईना. आपल्यामुळे गल्लीतल्या बायकांचा अपमान झाला, त्याची भरपाई व्हावी, म्हणून त्याने चांगला दणकट डबा मागवला आणि तो माझ्याकडून गच्चीवर उंच बसवून घेतला. "गल्लीत सगळ्यांला मिळू द्या अण्णा. आपापल्या घरात बसून बघतील." मी जोडणी केली. सिग्नल त्या जाड भिंतींतून आरपार जाऊ लागला. सुजाताबाईंच्या आळीपर्यंत पोहोचला. सगळ्यांनी त्याला दुवा दिला आणि तो समाधानाने पुण्याला गेला.

रत्नमाला आपल्या स्वयंपाकघरात बसून हैदराबादला बोलू लागली. महानंदा पलंगावर पडून स्थळे बघू लागली. सुजाताबाईंचे प्रशिक्षण घरीच होऊ लागले. कोणाचा राग नव्हता, कोणी काही तोडले नव्हते; फक्त कोणाला कुठे जाण्याचे कारण उरले नव्हते. एकदा दुपारी मी त्या बाजूने गेलो, तर अक्का एकट्याच तूर निवडत होत्या, आणि निवडलेली तूर पुन्हा सुपात ओतत होत्या.

काही दिवसांनी त्या दुकानात आल्या.

"नेट लई झालंय, महादप्पा."

"अक्का, नेट कमी हाय म्हून लोक येतेत माझ्याकडं."

"कमी कर. ओट्यापुरतं ठेव. पायरी उतरलं की जायला पायजे."

इतक्या वर्षांच्या धंद्यात हे काम माझ्याकडे कोणी मागितले नव्हते. मी गच्चीवरून डबा उतरवला, त्याची ताकद तो ऐकेल तितकी खाली आणली, आणि बाहेरच्या खोलीत धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे नेऊन ठेवला. पत्रा सिग्नल अडवतो. मग फोन हातात धरून गल्लीतून चालत गेलो. कुठपर्यंत पोहोचते हे बघत मी आयुष्यभर चाललो आहे. त्या दिवशी कुठे संपते ते बघत चाललो. पायरीपाशी सिग्नलची एक रेघ जरा जास्त रेंगाळत होती. अक्का म्हणाल्या, "कोठी भर." आम्ही दोघांनी कोठीत आणखी ज्वारी ओतली. रेघ गेली.

राजकुमारचा फोन आलाच. बायकांनी त्याच्याकडे तक्रार केली होती. "अण्णा, डबा खराब झाला का?"

मला खोटे बोलण्याची सवय नाही, म्हणून मागच्या वेळी ते नीट जमले नव्हते. या वेळी मी प्रयत्न केला नाही. "डबा चांगला हाय. ज्वारीच्या कोठीमागं ठेवलाय. तुझ्या आईनं ठेवायला लावलाय."

"कामून?"

"आईलाच विचार."

ओटा रिकामा पडला आहे, हे त्याने ओळखले असावे. मग म्हणाला, "अण्णा, त्या काकूंला सांगू नका," आणि फोन ठेवला. मायलेकांपैकी एकाचे गुपित दुसऱ्यालाही ठाऊक आहे, अशी माझ्या वाट्याला आलेली ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोठीमागची वायर नीट करायला गेलो होतो. रत्नमाला लॅपटॉप काखेत मारून कुरकुरत आली.

"अक्का, तुमचं नेट आमच्या घरात येईनाच गेलंय बघा."

"नवीन माल असाच निघतोय बाई. महादप्पा बघायलाय कवाधरनं, त्याला बी काई कळंना. बस."

मी मान खाली घालून वायर बघत राहिलो. पाठोपाठ महानंदा आली. तिची दोन स्थळे अर्धवट उघडून अडकली होती. सुजाताबाई सगळ्यांत शेवटी आल्या. त्या ओट्यावर चढल्या नाहीत. पायरीच्या खाली उभ्या राहून फोनकडे पाहिले, एक पायरी चढल्या, पुन्हा पाहिले, पुन्हा खाली उतरल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अण्णा, बरोबर पायरीपाशी तुटतंय बघा. मापून तोडल्यावानी."

अक्का सुपात तूर पाखडत होत्या; त्यांचा हात थांबला.

सुजाताबाईंनी फोन पिशवीत टाकला, वर आल्या आणि बसल्या. "आणा इकडं," त्या म्हणाल्या, आणि अक्कांच्या सुपातली अर्धी तूर त्यांनी आपल्या पुढ्यात ओढून घेतली.